ड्रॅग रेसचा निकाल कसा लिहायचा: विन लाइटपासून ऑफिशियल शीटपर्यंत

ड्रॅग रेसिंगचे, म्हणजे दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमधून सरळ, छोट्या अंतरावर पळवायच्या शर्यतीचे, निकाल मराठीत टाकायला सुरुवात करायचीय, नेमकं काय काय बघायचं, असं विचारणाऱ्यांसाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी मुख्यतः अमेरिकेतल्या एनएचआरएच्या (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) रेसेस धरून बोलणारे, कारण हा खेळ मुळात तिथला, १९५१ मध्ये वॉली पार्क्सनी ती संस्था काढली आणि आज जगभर निकाल ज्या पद्धतीनं छापतात ती पद्धत तिथेच पक्की झाली. आपल्याकडच्या इव्हेंट्सबद्दल शेवटी येतो.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात बसवा. ड्रॅग रेसचा निकाल एका झटक्यात पक्का होत नाही, तो तीन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा विन लाइट, म्हणजे फिनिश लाइनपाशी ज्या लेनचा दिवा लागला ती जिंकली. दुसरा टप्पा टाइमस्लिप, म्हणजे त्या रनचे सगळे आकडे. आणि तिसरा टप्पा ऑफिशियल, म्हणजे गाडीचं वजन झालं, तपासणी झाली, कुणाची हरकत राहिली नाही आणि शीट निघाली. ज्या टप्प्याला जेवढं पक्कं असतं तेवढंच लिहायचं, पण तेवढं मात्र लगेच लिहायचं. घाई आणि अचूकपणा यांचं भांडण आहे असं लोक समजतात ते मला अजिबात पटत नाही, कोण जिंकलं हे पाच सेकंदात सांगता येतं आणि ते बरोबरही असतं, गडबड होते ती पहिल्या टप्प्यात उभं राहून तिसऱ्या टप्प्याची वाक्यं लिहिल्यामुळे.

आधी आकडे वाचायला शिका

हे नीट जमल्याशिवाय एकही निकाल टाकू नका असं मी स्पष्टच म्हणेन.

स्टार्टला जे दिव्यांचं खांब असतं त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, १९६३ पासून ते आहे, त्याच्या आधी माणूस झेंडा घेऊन उभा असायचा. गाडी पुढे सरकते तेव्हा पुढच्या चाकानं आधी प्री-स्टेजचा बीम, म्हणजे लेनमध्ये आडवा सोडलेला प्रकाशकिरण, अडतो आणि मग त्याच्या सात इंच पुढे असलेला स्टेजचा बीम. दोन्ही गाड्या स्टेज झाल्या की पिवळे लागतात आणि मग हिरवा. प्रोफेशनल क्लासमध्ये तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदांनी हिरवा, त्याला प्रो ट्री म्हणतात. फुल ट्रीमध्ये पिवळे एकामागून एक लागतात, अर्ध्या अर्ध्या सेकंदानं.

आता मुख्य मुद्दा. हिरवा लागल्यापासून गाडी बीममधून सुटेपर्यंतचा वेळ म्हणजे रिॲक्शन टाइम, आरटी. आणि गाडी बीममधून सुटल्यापासून फिनिश लाइनपर्यंतचा वेळ म्हणजे इलॅप्स्ड टाइम, ईटी. म्हणजे ईटीचं घड्याळ हिरव्या दिव्यावर चालू होत नाही, गाडी हलल्यावर चालू होतं. ड्रायव्हर हिरव्यावर झोपून राहिला तरी त्याची ईटी बिघडत नाही, फक्त तो रेस हरतो. नवीन माणसाच्या निम्म्या चुका इथून निघतात, कारण त्याला वाटतं ज्याची ईटी कमी तो जिंकला.

समजायला एक बनवलेलं उदाहरण घेऊ. डावी लेन, आरटी ०.०४२, ईटी ३.७१२. उजवी लेन, आरटी ०.०७८, ईटी ३.६९०. ईटी बघितली तर उजवी गाडी फास्ट. पण बेरीज करा, डावीची ३.७५४ होते आणि उजवीची ३.७६८, म्हणजे डावी ०.०१४ सेकंदांनी आधी पोहोचली. याला होलशॉट विन म्हणतात, ड्रायव्हरनं स्टार्टलाच रेस काढली. निकाल लिहिताना असा रन असेल तर "होलशॉट" हा शब्द आलाच पाहिजे आणि दोन्ही आरटी आल्याच पाहिजेत, नाहीतर वाचणारा म्हणणार जास्त वेळ लागलेला कसा काय जिंकला, याचे आकडे उलटे पडलेत. अंतरातला फरक सांगायचा असेल तर तोही याच बेरजेतून काढायचा, नुसत्या ईटींची वजाबाकी करून नाही. ताशी ३३० मैलांना गाडी सेकंदाला साधारण १४७ मीटर जाते, म्हणजे ०.०१४ सेकंद म्हणजे दोन मीटरच्या आसपास, आणि हजारावा एक सेकंद म्हणजे जेमतेम पंधरा सेंटिमीटर. म्हणून दशांशानंतरचा तिसरा आकडा टाइप करताना सुद्धा जीव लावून टाइप करायचा.

आरटी ०.००० म्हणजे परफेक्ट. मायनस आली म्हणजे हिरव्याच्या आधी सुटला, रेड लाइट, फाउल. जुने निकाल चाळताना मात्र सावध राहा, तेव्हा फुल ट्रीवर परफेक्टला .५०० आणि प्रो ट्रीवर .४०० लिहायचे, तर प्रो ट्रीच्या जुन्या शीटवरचा .४३० हा आजच्या हिशोबानं ०.०३० आहे. त्या ड्रायव्हरला झोपाळू ठरवून मोकळे होऊ नका.

स्पीडबद्दल थोडक्यात. स्लिपवर जो स्पीड येतो तो शेवटच्या ६६ फुटांतला सरासरी स्पीड असतो, गाडीनं गाठलेला सगळ्यात जास्त स्पीड नसतो. इंजिन आधीच गेलं किंवा समोरचा रेड झाला म्हणून ड्रायव्हरनं पाय उचलला तर स्पीड एकदम कमी दिसतो, त्याचा अर्थ गाडीत दम नाही असा लावायचा नाही.

आणि अंतर! टॉप फ्युएल आणि फनी कार या सगळ्यात फास्ट गाड्यांच्या दोन क्लासेस आता क्वार्टर माइल, म्हणजे १३२० फूट, पळत नाहीत, हे मला परत परत सांगावं लागतं. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटाचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतर त्याच वर्षी जुलैपासून या दोन क्लासेसचं अंतर १००० फूट केलं, म्हणजे ३०४.८ मीटर. प्रो स्टॉक आणि प्रो स्टॉक मोटरसायकल अजून १३२० फूट, म्हणजे ४०२ मीटरच्या थोडं वर. त्यामुळे २००७ ची टॉप फ्युएलची ईटी आणि आजची ईटी शेजारी ठेवून "बघा किती फास्ट झाले" असं लिहिलं तर ते सरळ सरळ चुकीचं आहे.

रेसच्या आधीची तयारी

खरं काम इथं असतं. रेसच्या दिवशी चार सेकंदांत रन संपतो आणि मिनिटाभरात पुढची जोडी बर्नआउटला, म्हणजे चाकं जागीच फिरवून टायर तापवायला, उभी असते, तेव्हा स्पेलिंग शोधत बसायला वेळ नसतो.

एक साधी शीट बनवा, एक्सेल किंवा वही, काहीही चालेल. रकाने असे: इव्हेंटचं नाव, गाव आणि ट्रॅक, क्लास, राऊंड, लेन, ड्रायव्हरचं पूर्ण नाव, आरटी, ईटी, स्पीड, जिंकला का, शेरा, आणि सगळ्यात शेवटी स्टेटस. स्टेटसमध्ये तीनच गोष्टी लिहायच्या, "लाइट", "स्लिप" किंवा "ऑफिशियल". हा शेवटचा रकाना लोक टाळतात आणि नेमका तोच तुम्हाला वाचवतो, कारण रात्री तीन वाजता कुठला आकडा स्क्रीनवरून उतरवला होता आणि कुठला शीटवरून, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ड्रायव्हरची नावं आदल्या दिवशीच पूर्ण लिहून घ्या, आडनावावर भागवू नका. या खेळात घरंच्या घरं पळतात. नुसतं "टॉरेन्स जिंकला" लिहिलं तर स्टीव्ह की बिली, दोघंही टॉप फ्युएलचे, मुलगा आणि वडील. "पेड्रेगॉन" म्हटलं तर क्रूझ की टोनी, दोघं भाऊ, दोघं फनी कारचे चॅम्पियन, क्रूझ १९९२ आणि २००८ चा, टोनी २००३ आणि २००७ चा. फोर्सच्या घरात जॉन आणि त्यांच्या तीन मुली पळाल्यात, त्यातली ब्रिटनी टॉप फ्युएलची. आणि अँजेल सॅम्पी काही वर्षं अँजेल सॅव्हॉय या नावानं पळत होती, जुना रेकॉर्ड शोधताना ही एकच बाई आहे हे माहीत पाहिजे. देवनागरीत नाव कसं लिहिणार तेही एकदा ठरवून टाका आणि वर्षभर तेच ठेवा, नाहीतर सर्च केल्यावर तुमचेच निम्मे निकाल सापडत नाहीत.

क्वालिफाइंग, म्हणजे वेळेवरून क्रम लावायच्या आधीच्या फेऱ्या, संपलं की लॅडर येते, सोळा गाड्यांच्या फील्डमध्ये कोण कुणाशी. ती तुमच्या शीटमध्ये आधीच भरून ठेवा म्हणजे रेसच्या दिवशी फक्त आकडे भरायचे राहतात. लेन मात्र आधी भरू नका, ती ऐनवेळी ठरते.

मग वेळेचं गणित. रविवारी एलिमिनेशन, म्हणजे हरला तो बाहेर अशा फेऱ्या, असतात, पण कुठला रविवार? फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करतात आणि गेन्सव्हिलची रेस नेमकी त्याच दिवसांत येते, त्याच्या आधी फरक साडेदहा तासांचा असतो. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात साडेबारा तास. आणि नोव्हेंबरात पोमोनाला सीझनची शेवटची रेस होते तोपर्यंत घड्याळं मागे आलेली असतात, तेव्हा साडेतेरा. म्हणजे पोमोनाला रविवारी दुपारी तीनला फायनल झाली तर आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे साडेचार. माझं मत असं की तारीख नेहमी ट्रॅकवरची लिहायची आणि हवी तर खाली भारतीय वेळ द्यायची, कारण दहा वर्षांनी कुणी निकाल शोधला तर तो ट्रॅकवरच्या तारखेनं शोधणार.

टीव्हीवर भरोसा ठेवून लाइव्ह निकाल लिहू नका, बऱ्याचदा टीव्हीचं प्रसारण उशिरानं असतं. संस्थेचं स्वतःचं लाइव्ह टायमिंग आणि लाइव्ह स्ट्रीम हे दोन सोर्स उघडे ठेवा. स्ट्रीम काही सेकंद मागे असतो तेवढं धरून चाला.

रेस चालू असताना

आता क्रम सांगतो. विन लाइट लागला की एकच ओळ टाका: क्लास, राऊंड, पूर्ण नाव, जिंकला किंवा जिंकली. आकडे नाहीत, कौतुक नाही, "रेकॉर्ड वाटतंय" तर बिलकूल नाही. ही ओळ वाचणाऱ्याला लगेच हवी असते आणि ती तुम्ही लगेच देऊ शकता.

मग टाइमस्लिपचे आकडे आले की त्याच नोंदीत भरा, दोन्ही लेनचे. फक्त जिंकणाऱ्याचे देणं हा आळस आहे, हरणाऱ्याच्या आकड्यांशिवाय रेस कशी झाली ते कळतच नाही. भरताना तोंडानं मोठ्यानं वाचा, ऐकायला वेडेपणा वाटेल पण ३.७९ आणि ३.९७ मधली उलटापालट डोळ्याला दिसत नाही ती कानाला पकडता येते.

स्लिपवर मधले आकडे पण असतात, ६० फूट, ३३०, ६६०, मग १००० आणि प्रो स्टॉकला १३२०. हे छापायची गरज नाही पण तपासायला फार कामाचे आहेत. आकडे चढत गेलेच पाहिजेत. टॉप फ्युएलची चांगली गाडी ६० फुटांना साधारण ०.८ सेकंदाच्या थोडं वर असते, ६६० ला तीनच्या आसपास आणि फिनिशला ३.६ ते ३.८. यात ६६० ला ३.९ दिसतंय आणि ईटी ३.७ दिसतेय असं झालं तर कुठलातरी आकडा दुसऱ्या रनचा आलाय, थांबा आणि परत बघा. प्रो स्टॉकला साडेसहाच्या आसपास, मोटरसायकलला पावणेसातच्या मागेपुढे, हे अंदाज डोक्यात असले की चुकीचा आकडा लगेच खुपतो.

राउंडिंग करू नका. कधीच नाही. १९८८ मध्ये एडी हिलनं टेक्सास मोटरप्लेक्सला ४.९९० ची रन केली आणि पाच सेकंदांच्या आत जाणारा तो पहिला ठरला, आता ते तुम्ही सरळ ५ करून टाकलं तर सगळी गोष्टच गेली. शेवटचं शून्य सुद्धा ठेवा, ४.९९० म्हणजे हजाराव्यापर्यंत मोजलंय. स्पीडचं पण तसंच, केनी बर्नस्टीननं २० मार्च १९९२ ला गेन्सव्हिलला ३०१.७० मैल केले, पहिला तीनशेवाला. आपल्या वाचकाला किलोमीटर कळतात म्हणून ४८५.५४ लिहा जरूर, १.६०९३४४ नं गुणायचं, पण मूळ मैलाचा आकडा आधी आणि किलोमीटर नंतर, आणि प्रत्येक ठिकाणी एकक लिहायचं. नुसतं "स्पीड ३३०" हे मराठी वाचक किलोमीटर म्हणूनच वाचणार.

तिसरा टप्पा ऑफिशियलचा. रन झाल्यावर गाड्या वजनाला जातात, इंधन तपासलं जातं, नियमात बसलं नाही तर रन रद्द होऊ शकतो. म्हणून राऊंड संपल्यावर शीट येईपर्यंत स्टेटस "स्लिप"च ठेवायचं. फायनलच्या वेळी हा मोह सगळ्यात मोठा असतो, ट्रॉफीचे फोटो आलेले असतात, सगळीकडे अभिनंदन चालू असतं, तरी "अनऑफिशियल" हा एक शब्द लिहायला काय जातं? तो काढायला दोन सेकंद लागतात.

रेड लाइट झालेल्या रनमध्ये थोडं थांबा. रेड लागला की माणूस हरला हे बहुतेक वेळा खरं, पण समोरच्यानं सेंटर लाइन ओलांडली किंवा भिंतीला लागला तर तो त्याहून मोठा फाउल धरतात आणि रेडवाला परत रेसमध्ये येतो. अशा वेळी दोन्ही गाड्या लाइनपलीकडे जाईपर्यंत काहीच लिहायचं नाही. दोघांनी फाउल केले असतील तर निकाल ट्रॅकवाल्यांकडून येऊ द्या, स्वतः न्यायाधीश होऊ नका.

जिथं हमखास घोटाळा होतो

नंबर एक क्वालिफायर म्हणजे विनर नाही. शनिवारी रात्री "अमुक पहिला" असं टाकलं की लोक रेस जिंकली समजतात, तेव्हा "क्वालिफाइंगमध्ये पहिला, रेस उद्या" असं पूर्ण लिहा. त्यात २०२३ पासून शनिवारी मिशन टू फास्ट टू टेस्टी चॅलेंज सुरू झालंय, त्यात आधीच्या इव्हेंटच्या सेमीफायनलच्या जोड्या परत पळतात आणि त्याच रन क्वालिफाइंगलाही धरतात. शनिवारचा तो विनर आणि रविवारचा विनर या दोन वेगळ्या ओळी, एकत्र करायच्या नाहीत.

फोर-वाइड इव्हेंट्स, जसं शार्लटची. चार गाड्या एकदम सुटतात आणि फायनलच्या आधीच्या राऊंड्समध्ये पहिले दोन पुढे जातात. इथं "जिंकला-हरला" हा साचा चालत नाही, चारही लेनचे आकडे आणि कोण दोघं पुढे गेले ते लिहायचं. शीटला दोन रकाने जास्त ठेवा.

बाय रन म्हणजे समोर कोणी नाही, एकट्यानं पळून पुढे गेला. त्याला "हरवलं" लिहू नका, हरवलं कुणाला?

ब्रॅकेट रेसिंगचा निकाल द्यायचा झाला तर डायल-इन दिल्याशिवाय देऊच नका. तिथं प्रत्येक जण आपली गाडी किती सेकंदांत पळेल ते आधी लिहून देतो, स्लो गाडीला तेवढं आधी सोडतात, आणि लिहिलेल्यापेक्षा फास्ट पळालात तर ब्रेकआउट, हरलात. १०.५० लिहून १०.४८ पळालेला आणि ९.८० लिहून ९.८३ पळालेला, यात दुसरा जिंकतो, आता डायल-इन नसेल तर हे वाचून कुणाला काय समजणार. दोघांचा ब्रेकआउट झाला तर ज्याचा कमी त्याची रेस.

पाऊस आला तर रेस दुसऱ्या दिवशी, किंवा कधीकधी पुढच्याच गावात पुरी होते. हे आजचं नाही, १९५५ ची एनएचआरएची पहिली नॅशनल्स कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला होती, पावसानं बंद पडली आणि उरलेली नोव्हेंबरात ॲरिझोनात फिनिक्सला संपवली. म्हणून इव्हेंटचं नाव, रन झाल्याचं ठिकाण आणि तारीख हे तीन वेगळे रकाने ठेवायचे. आणि पावसाची बातमीही बातमीच आहे. "सेकंड राऊंडनंतर थांबली, उरलेली उद्या" हे तुम्ही वेळेवर सांगितलं तर आपल्याकडचा माणूस निवांत झोपतो, सकाळपर्यंत रिफ्रेश करत बसत नाही.

उंचीवरचा ट्रॅक असेल तर हवा विरळ, गाड्या स्लो. डेन्व्हरचं बँडिमेअर तसंच होतं, २०२३ ला बंद झालं. अशा ठिकाणचे आकडे काही जण समुद्रसपाटीच्या हिशोबानं सुधारून सांगतात, गप्पांना ठीक आहे, निकालात फक्त घड्याळानं दाखवलेला आकडा.

रेकॉर्ड हा शब्द

या शब्दाला हात लावताना दहा वेळा विचार करा. ट्रॅक रेकॉर्ड वेगळा, ड्रायव्हरचा स्वतःचा बेस्ट वेगळा आणि नॅशनल रेकॉर्ड वेगळा. एनएचआरएच्या नियमात नॅशनल रेकॉर्डला त्याच इव्हेंटमध्ये एक टक्क्याच्या आतली दुसरी रन लागते, त्याला बॅकअप म्हणतात. म्हणजे शुक्रवारी स्कोअरबोर्डवर आजवरची सगळ्यात कमी ईटी लागली तरी त्या क्षणी ती "आजवरची सगळ्यात कमी ईटी" आहे, नॅशनल रेकॉर्ड नाही. तेवढंच लिहायचं, पहिली ओळ तरीही खणखणीतच होते.

ही काटेकोर पद्धत का आली ते समजायला दोनशे मैलांचा वाद बघा. १९६० मध्ये क्रिस कॅरामेसिनीसनं इलिनॉयमधल्या अल्टनला २०४.५४ मैल केल्याचं जाहीर झालं आणि त्या घड्याळावर कित्येकांनी विश्वास ठेवला नाही. मग १ ऑगस्ट १९६४ ला डॉन गार्लिट्सनं न्यू जर्सीत २०१.३४ केले आणि पहिला दोनशेवाला म्हणून बहुतेक ठिकाणी त्याचं नाव लागतं. साठ वर्षं उलटली तरी वाद मिटलेला नाही, आणि तो मुळात गाडीचा नाही, घड्याळाचा आणि ते कुणी मान्य केलं याचा आहे. कॅरामेसिनीस तर पुढे कित्येक दशकं, ऐंशी ओलांडल्यावरही टॉप फ्युएल चालवत राहिला, त्या माणसाच्या नावापुढे कायमचं प्रश्नचिन्ह राहिलं याचं मला खरंच वाईट वाटतं. आज तुम्ही लिहिता त्या आकड्यानंही असंच होऊ शकतं म्हणून हे सांगितलं.

अपघात झाला तर

इथं वेगाचा विचार सोडून द्या. जून २०२४ मध्ये व्हर्जिनियाला जॉन फोर्सच्या गाडीचं इंजिन फुटलं, गाडी भिंतीवर आदळली, डोक्याला गंभीर मार लागून ते आयसीयूत होते. सोळा वेळचा चॅम्पियन, पंचाहत्तरीचा माणूस, सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. अशा वेळी "अपघात झाला, रेस थांबली, अधिकृत माहितीची वाट बघतोय" एवढीच ओळ. तब्येतीबद्दल टीमचं किंवा संस्थेचं निवेदन येईपर्यंत एक अक्षर नाही, कुणी ट्रॅकवरून कळवलं तरी नाही, व्हिडिओ तर अजिबात टाकू नका. घरचे लोकही फोन उघडून बघत असतात. त्या रनचे आकडे निकालात भरायचेच असतात, पण ते नंतर, शांतपणे, शीट आल्यावर.

आपल्याकडचे इव्हेंट

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर बाइकच्या नॅशनल ड्रॅग रेसेस होतात, एफएमएससीआय ही आपल्याकडची मान्यता देणारी संस्था. इथं निकाल लिहिताना पहिला प्रश्न विचारायचा की फॉरमॅट कोणता, बेस्ट टाइमवर नंबर की नॉकआउट. बैलगाडा बघणाऱ्याला हा फरक लगेच कळेल, जुन्नर-खेडच्या घाटात एकेक गाडा घड्याळावर पळतो आणि सेकंदांवर नंबर लागतो, सातारा-सांगलीकडे गटात गाडे एकत्र सुटतात, गट पास, मग सेमी, मग फायनल. बेस्ट टाइमवाल्या इव्हेंटमध्ये दिवस संपेपर्यंत कुणीच जिंकलेलं नसतं, तेव्हा दुपारी "सध्या आघाडीवर" असं लिहायचं आणि सोबत वेळ टाकायची, दुपारी २.४० पर्यंत, असं.

क्लासचं पूर्ण नाव द्या, किती सीसी, स्टॉक की मॉडिफाइड. आपल्याकडे "सगळ्यात फास्ट" म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं वेगवेगळ्या क्लासच्या गाड्या एकत्र करून झालेलं असतं, आणि त्यात स्वतःच्या पैशानं, घरच्यांच्या शिव्या खाऊन छोट्या बाइकवर क्लास जिंकणाऱ्या पोराचं नाव कुठेच येत नाही. त्याचं नाव नीट, पूर्ण आणि बरोबर छापून येणं हे त्याच्यासाठी फार मोठं असतं, कात्रण घेऊन तो स्पॉन्सरकडे जाणार असतो. छोट्या क्लासचे निकाल आधी टाका असं मी तर सांगेन, मोठ्या गाड्यांचे टाकायला शंभर जण असतात.

हायवेवर रात्री लावलेल्या शर्यतींचे "निकाल" कुणी पाठवले तर घ्यायचे नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, तिथं माणसं मरतात, आणि तिथल्या आकड्याला ना बीम ना स्लिप.

चूक निघाली तर

निघणार. पटकन दुरुस्त करा, पण गुपचूप नाही. जुना आकडा, नवा आकडा, का बदलला आणि किती वाजता, हे चारही त्याच नोंदीच्या खाली लिहा, उदाहरणार्थ "दुरुस्ती, पहाटे ५.१०: उजव्या लेनची ईटी ३.८७१ नसून ३.७८१, टाइमस्लिपवरून." मूळ नोंद उडवायची नाही, कारण तिचा स्क्रीनशॉट आधीच चार ग्रुपवर गेलेला असतो आणि तुमच्याकडून ती गायब झाली की खरं काय ते शोधायला माणसाला जागाच राहत नाही. ज्यांनी तुमचा आकडा पुढे पाठवला ते माहीत असतील तर त्यांना मेसेज करा.

पॉइंट्सचं एक राहिलं. चॅम्पियनशिपचे पॉइंट्स स्वतः बेरीज करून जाहीर करू नका, क्वालिफाइंगचे वेगळे मिळतात, २००७ पासून काउंटडाउन आलंय त्यात सीझनच्या शेवटच्या टप्प्याआधी पॉइंट्स रीसेट होतात, आणि एखादा रन रद्द झाला की सगळी बेरीज हलते. सोमवारी शीट येते, त्यावरून टाका. आणि सोमवारीच आपल्या शीटमधली प्रत्येक ओळ ऑफिशियलशी ताडून स्टेटस बदलून घ्या, मग फाइलला वर्ष, इव्हेंट आणि ट्रॅकचं नाव देऊन दोन ठिकाणी सेव्ह करा.